ज्यांची कुणीतरी वाट पाहतं

मार्च २०२० मध्ये रेल्वेनं ज्येष्ठांची तिकिटातली सवलत थांबवली. साठीपुढच्या पुरुषांना चाळीस टक्के आणि अठ्ठावन्न पूर्ण केलेल्या स्त्रियांना पन्नास टक्के अशी ती होती. निमित्त करोनाच्या साथीचं होतं. साथ ओसरली, त्यानंतरही वर्षं गेली, पण सवलत परत आली नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये महाराष्ट्रात एसटीनं उलट पाऊल टाकलं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यभर मोफत प्रवास. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांना अर्धं तिकीट होतंच. मार्च २०२३ पासून सगळ्याच वयाच्या स्त्रियांनाही अर्धं तिकीट लागू झालं. पहिल्या निर्णयावर बोलणं झालं ते रेल्वेच्या तोट्याचं, दुसऱ्यावर झालं ते मतांचं. सत्तरीची बाई बहिणीच्या गावी वर्षातून दोनदा जाते की चारदा, याच्याशी या निर्णयांचा संबंध आहे हे फारसं कुणी बोललं नाही.

उतारवयातल्या एकाकीपणाबद्दल आपण बोलतो ते बहुतेक मुलांच्या वागण्याबद्दल. मुलं परदेशी गेली, सुना बघत नाहीत, संस्कार उरले नाहीत. नाटकांनी आणि सिनेमांनीही आपल्याला हेच दाखवलं. जयवंत दळवींचं ‘संध्याछाया’ पाहून हळहळणाऱ्या प्रेक्षकांतले कित्येक जण आज त्यातल्या नानांच्या वयाचे आहेत. त्या दुःखात खोटं काही नाही. पण प्रश्नाचा तो एक कोपरा आहे, आणि तिथेच थांबलं की करण्यासारखं काही उरत नाही, दोष देण्यासारखंच उरतं. एकाकीपणा येऊ नये म्हणून काय करता येतं, कुठे काय करून पाहिलं गेलं, त्यातलं काय टिकलं, हे मांडून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी प्रश्न केवढा आहे ते पाहू. २०११च्या जनगणनेत देशात साठीपुढचे दहा कोटींहून थोडे जास्त लोक होते. महाराष्ट्रात दर दहांत जवळपास एक, गोव्यात त्याहून थोडे अधिक. २०५० पर्यंत देशात पाचांत एक माणूस साठीपुढचा असेल, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकारानं २०१७-१८ मध्ये पंचेचाळिशीपुढच्या बहात्तर हजारांवर लोकांची मोठी पाहणी सुरू झाली. साठीपुढच्यांपैकी पूर्णपणे एकटे राहणारे त्यात शंभरात सुमारे सहाच निघाले. बाकीचे जोडीदाराबरोबर, मुलांबरोबर, नातवंडांबरोबर, भरल्या घरात राहणारे.

याचा अर्थ आपल्याकडे प्रश्न लहान आहे असा काढू नये. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्ये दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. एक, जवळचं, मनातलं बोलता येईल असं माणूस नसणं. दुसरी, ज्यांच्यात आपण मोडतो अशी माणसं नसणं. घरात सहा जण असताना या दोन्ही उणिवा असू शकतात. जोडीदार गेल्यावर मुलाच्या शहरात आणलेल्या आईला जेवायला वेळेवर मिळतं, औषधं मिळतात, टीव्ही स्वतःच्या खोलीत मिळतो. पण ‘तुला आठवतं का’ म्हणून ज्याच्याशी बोलावं असं तिथे कुणी नसतं. उलट गावात एकटी राहणारी, शेजारणीला ताक देणारी, संध्याकाळी देवळात हरिपाठाला बसणारी बाई एकाकी नसतेही.

आणखी एक गोष्ट माझ्या स्वतःच्या समजुतीला धक्का देणारी होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगानं जून २०२५ मध्ये अहवाल दिला. जगातल्या दर सहा माणसांपैकी एकाला एकाकीपणा जाणवतो, आणि त्याचं सगळ्यात जास्त प्रमाण आहे ते किशोरवयात आणि तरुणपणी. म्हाताऱ्यांमध्ये जास्त दिसतं ते संपर्क तुटणं: तीनांत एकापर्यंत. म्हातारपण म्हणजे एकाकीपणा हे समीकरण चुकीचं आहे. वय वाढल्यानं माणूस एकाकी होत नाही. वयाबरोबर जे सुटत जातं, म्हणजे जोडीदार, कान, गुडघे, नोकरी, स्वयंपाकघरातला अधिकार, ते एकेक करून त्याला तिकडे ढकलतं. म्हणूनच ते अडवताही येतं.

तब्येतीवरच्या परिणामांबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, म्हणून थोडक्यात. ज्युलियान होल्ट-लनस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यास एकत्र करून, तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती पडताळून सांगितलं की ज्यांची माणसांशी नाती घट्ट आहेत त्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात जगण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे पन्नास टक्क्यांनी जास्त होती. आजारी माणूसच घराबाहेर कमी पडतो, तेव्हा कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे पूर्ण सुटं करता येत नाही, हे इथे लक्षात ठेवायला हवं. पण एकाकीपणा आयुष्य कमी करतो म्हणून तो टाळावा, ही मांडणी मला तितकीशी पटत नाही. तो दुःख देतो, एवढं कारण पुरेसं आहे.

ब्रिटनमध्ये खासदार जो कॉक्स यांनी हा विषय हाती घेतला होता. २०१६ मध्ये त्यांची हत्या झाली, त्यांच्या नावानं आयोगाचं काम पुढे चाललं आणि जानेवारी २०१८ मध्ये एका मंत्र्याकडे एकाकीपणाची जबाबदारी दिली गेली. जपाननं २०२१ मध्ये तसंच केलं आणि २०२४ मध्ये यासाठीचा कायदाही लागू केला. तिथल्या पोलिसांच्या नोंदींनुसार २०२४ या एका वर्षात एकटं राहणारे सुमारे ७६ हजार लोक आपल्या घरात मृत्यू पावले, त्यांतले तीन चतुर्थांश पासष्टीपुढचे. मंत्री नेमल्यानं माणसं जोडली जात नाहीत, पण मोजदाद सुरू होते आणि बसमार्ग बंद करताना कुणीतरी विचारतं की यानं कोण घरात अडकेल. आपल्याकडे हे विचारणारं कुणी नाही. २०२१ पासून १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची देशव्यापी मदतवाहिनी आहे, ती उपयोगी आहे; पण तिथे फोन करायचा तर आपल्याला काहीतरी बिनसलंय हे आधी कबूल करावं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग: नेमका कशाचा उपयोग होतो?

सगळ्यांना पहिल्यांदा सुचणारा उपाय म्हणजे भेटी. तरुण स्वयंसेवकांनी जावं, गप्पा माराव्यात. रिचर्ड शुल्झ यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतल्या एका वृद्धनिवासात कॉलेजच्या विद्यार्थ्यांना भेटीला पाठवलं. काही वृद्धांना कधी आणि किती वेळ भेटायचं हे ठरवू दिलं, काहींना भेटीची वेळ आधी कळवली, काहींकडे विद्यार्थी अचानक जात, आणि काहींकडे कुणीच गेलं नाही. पहिल्या दोन गटांतले वृद्ध जास्त आनंदी, जास्त उत्साही दिसले. इथपर्यंत कुणालाही अपेक्षित असं. पण प्रयोग संपला, भेटी थांबल्या, आणि पुढच्या काही वर्षांत शुल्झ यांनी पुन्हा पाहिलं तर ज्या गटांना सगळ्यात जास्त फायदा झाला होता तेच खालावले होते. महाविद्यालयांच्या ‘आजी-आजोबांसोबत एक दिवस’ छापाच्या उपक्रमांचे फोटो पाहिले की मला हा अभ्यास आठवतो. सवय लावून निघून जाणं हे न जाण्यापेक्षा वाईट असू शकतं. पाहुणे म्हणून जायचं असेल तर किती काळ येणार ते आधी सांगावं, आणि कधी यायचं ते ज्याच्याकडे जायचं त्याला ठरवू द्यावं.

दुसरा धागा याहून मोलाचा आहे. स्टेफनी ब्राउन आणि सहकाऱ्यांनी चारशेहून अधिक वृद्ध जोडप्यांचा पाच वर्षं मागोवा घेऊन २००३ मध्ये लिहिलं की या काळात मृत्यूचा धोका कमी दिसला तो इतरांना मदत करणाऱ्यांमध्ये. मदत मिळण्याचा तसा परिणाम आढळला नाही. बाल्टिमोरच्या वृद्धरोगतज्ज्ञ लिंडा फ्रीड यांनी त्याआधीच, नव्वदच्या दशकात, हेच प्रत्यक्षात उतरवण्याचा घाट घातला. साठीपुढच्या माणसांना गरीब वस्त्यांतल्या प्राथमिक शाळांत आठवड्याला पंधरा तास काम दिलं: मुलांना वाचायला शिकवणं, ग्रंथालय सांभाळणं. हौस म्हणून अधूनमधून नव्हे, वेळापत्रकात नाव असलेलं काम. न जाणाऱ्याची वर्गात वाट पाहिली जाते, असं काम.

आपल्याकडे यासारखंच, पण उलट्या बाजूनं उभं राहिलेलं एक उदाहरण आहे. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकारानं ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठ ते नव्वद वयाच्या बायका, गुलाबी नऊवारी, पाठीला दप्तर, हातात पाटी. अंगठ्याऐवजी सही करता यावी, पोथी आपली आपण वाचता यावी, एवढीच मागणी. वर्तमानपत्रांनी गुलाबी लुगड्यांचे फोटो छापले, ते छान होतेच. पण त्या गावात आजीला रोज दुपारी जायला एक ठिकाण झालं, शेजारची शाळेत आली नाही तर ‘का गं नाही आलीस’ विचारायला मैत्रिणी झाल्या, आणि घरी नातवंड तिचा गृहपाठ पाहू लागलं. यातलं शेवटचं मला सगळ्यात मोठं वाटतं. आजी आणि नातू यांच्यात बोलायला नवा विषय आला, आणि त्यात जाणतं माणूस नातू होता. एकाकीपणा घालवण्यासाठी ही शाळा काढली असती तर कदाचित कुणी आलंच नसतं. ‘तुम्ही एकाकी आहात, या’ म्हटल्यावर कोण येईल?

तिसरा धागा मनाचा. क्रिस्टोफर मासी, जॉन कॅचिओपो आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये पन्नास अभ्यासांची छाननी केली. माणसं एकत्र आणणं, संवादाचं कौशल्य शिकवणं, आधार देणं यांपेक्षा जास्त फरक पडला तो विचारांची सवय बदलण्यावर काम केलं तिथे. बराच काळ एकाकी राहिलेला माणूस नकाराची आधीच धास्ती घेतो. फोन आला नाही की ‘मी नकोसा झालोय’ असं मनात पक्कं करतो, मग स्वतःही करत नाही. घरच्यांना हा हेकटपणा वाटतो. म्हणूनच हे दुखणं जुनं होऊ देऊ नये. वर्षानुवर्षं मुरलेल्या एकाकीपणाला नुसतं मंडळ पुरत नाही, समुपदेशन लागतं, आणि तालुक्याच्या ठिकाणीही ते सहज मिळत नाही.

मंडळांच्या बाबतीत मात्र महाराष्ट्र खरोखर श्रीमंत आहे. गावोगावी, उपनगरांत ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, १९८० पासून त्यांचा ‘फेस्कॉम’ हा महासंघ आहे. नगरपालिकांची विरंगुळा केंद्रं आहेत, बागेतले कट्टे आहेत, हास्यक्लब आहेत. वाढदिवसांची यादी, वार्षिक सहल, कोजागिरी, आरोग्यतपासणी हे सगळं सरकारी योजनेशिवाय, सभासदांच्या वर्गणीतून चालत आलंय. याचं मोल आपण ओळखलेलं नाही.

पण संघात कोण येतं, याकडे संघानंच पाहायला हवं. पेन्शन असलेले पुरुष येतात. जिना उतरता येणारे येतात. घरकामाला जाणारी बाई, हमाल, गिरणीतून बाहेर पडून पुढे वॉचमन झालेला माणूस साठीनंतरही कामावर असतो, किंवा काम सुटल्यावर ‘ती साहेबलोकांची जागा’ म्हणून येत नाही. श्रावणबाळ योजनेचे महिना पंधराशे रुपये ज्याच्या हातात येतात, आणि कधीकधी उशिरा येतात, तो लग्नाला जायचंही टाळतो, कारण आहेर काय करणार? गरिबीतला एकाकीपणा असा असतो: बोलावणं असतं, जायची इच्छा असते, हात रिकामा असतो.

बायकांची तऱ्हा वेगळी. नाती सांभाळण्याचं काम त्यांनी जन्मभर केलेलं असतं; कुणाच्या घरी बारसं, कुणाचं ऑपरेशन, हे त्यांनाच माहीत. म्हणून बायको गेली की पुरुषाचे नात्यातले दोर एकदम तुटतात. बाईचे तेवढे तुटत नाहीत, पण नवरा गेल्यावर तिला आपण हातानं तोडून बाजूला करत आलोय. हळदीकुंकवाला बोलवायचं नाही, ओटी भरायला पुढे व्हायचं नाही, मंगलकार्यात मागे बसायचं. साठीपुढच्या भारतीय स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या विधवा आहेत; पुरुषांत हे प्रमाण सातांत एक. म्हणजे वयस्क बायकांतल्या अर्ध्या बायकांना भेटीगाठींच्या मुख्य प्रसंगांतून रीतीनं वगळण्याची ही व्यवस्था. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य सरकारनं त्याच महिन्यात इतर गावांना तो आदर्श घ्यायला सांगितलं. समाजसुधारणा म्हणून त्याचं कौतुक झालं. एकाकीपणा टाळण्यासाठी अलीकडच्या काळात महाराष्ट्रात झालेलं सगळ्यात थेट पाऊल म्हणून मी त्याकडे पाहते. ठराव केलेल्या किती गावांत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला खरोखर सगळ्या बायका बसतात, हे दरवर्षी तपासलं पाहिजे.

‘कामात ठेवा, उपयोगी ठेवा’ या सूत्रालाही मर्यादा आहे, आणि ती बीड जिल्ह्यात दिसते. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी उचल घेतलेली जोडपी मुकादमाबरोबर साखर कारखान्यांच्या फडावर जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. वाड्या-वस्त्यांवर मागे राहतात ती म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी नातवंडं. या आजीला काम भरपूर आहे: पाणी, चूल, शेळ्या, पोरांची शाळा, पोरांचं आजारपण. तिच्यावाचून घर चालत नाही. तरी तिला कुणी विचारलेलं नसतं, आणि तिच्याशी बोलायला बरोबरीचं माणूस सहा महिने नसतं. शुल्झ यांच्या प्रयोगातली ‘ठरवू देण्याची’ गोष्ट इथे आठवावी. लादलेला भार माणसाला थकवतो, सोबत देत नाही. कोकणात याचं दुसरं रूप आहे. वाडीतली निम्मी घरं कुलूपबंद, गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी आले की आठ दिवस पाय ठेवायला जागा नाही, आणि मग पुन्हा शांत. तिथे म्हाताऱ्यांना विचारलं तर ते उरलेल्या महिन्यांपेक्षा गाड्या परत गेल्यानंतरच्या आठवड्याबद्दल जास्त बोलतात.

शरीराबद्दल. कान गेलेल्या माणसाशी घरातले हळूहळू बोलणं कमी करतात, मोठ्यानं बोलायचा कंटाळा येतो म्हणून. आणि तोही चुकीचं उत्तर देऊन हसं होण्यापेक्षा गप्प बसतो. अमेरिकेत सत्तर ते चौऱ्याऐंशी वयाच्या ९७७ लोकांवर तीन वर्षं चाललेल्या चाचणीत, श्रवणयंत्र आणि ते वापरायचं मार्गदर्शन मिळालेल्यांच्या जवळच्या वर्तुळात इतरांपेक्षा सरासरी एक माणूस जास्त टिकून राहिला. एकाकीपणाच्या गुणांकात फरक थोडा होता, पण त्या वयात एक माणूस म्हणजे बरंच झालं. राज्याच्या वयोश्री योजनेत २०२४ पासून पासष्टीपुढच्या गरजूंना चष्मा, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी एकदा तीन हजार रुपये मिळतात. चष्म्याला, काठीला ते पुरतील. चांगल्या श्रवणयंत्राला पुरत नाहीत, आणि ते कानाला जुळवून देणारा माणूस त्या रकमेत नाही. ड्रॉवरमध्ये पडलेली यंत्रं घरोघर आहेत ती यामुळेच.

आणि एक गोष्ट जिच्याबद्दल कुणी बोलत नाही: लघवीवरचा ताबा. सहलीला नको, लग्नाला नको, कीर्तनाला मागेच बसते, असं म्हणणाऱ्या कितीतरी बायकांचं खरं कारण हे असतं. डॉक्टरांना सांगितलं तर व्यायामानं, औषधानं बऱ्याच जणींना आराम पडतो. एसटीचा प्रवास मोफत झाला, पण स्थानकावरचं स्वच्छतागृह वापरण्यासारखं नसेल तर त्या मोफत तिकिटाचा तिला काय उपयोग?

राहत्या जागेचंही तसंच. मुंबईतल्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास होतोय; वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षं जुन्या, १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात, स्वतःच्या संडासासह. या सुखाला नावं ठेवण्याचा अधिकार चाळीत न राहिलेल्या कुणालाही नाही. पण त्या चाळीच्या सामाईक जागेत न ठरवता रोज दहा माणसं भेटत. उंच इमारतीत ती भेट ठरवून घ्यावी लागते. नकाशा काढतानाच दर काही मजल्यांवर बसायची मोकळी जागा, लिफ्टशेजारी बाक, तळमजल्यावर म्हाताऱ्यांना पोचता येईल अशी खोली ठेवली तर खर्च फार वाढत नाही. विक्रीयोग्य चौरस फुटांत ते बसत नाही, म्हणून ते राहून जातं.

फोनबद्दल आपल्याकडे टोकाची मतं आहेत. टेक्ससमध्ये २०२० मध्ये, घरपोच जेवण घेणाऱ्या २४० लोकांपैकी निम्म्यांना चार आठवडे नेमानं फोन केले गेले. करणारे तरुण, प्रशिक्षण दोनेक तासांचं, सूचना एकच: समोरच्याला ज्यावर बोलायचंय त्यावर बोलू द्या. एकाकीपणा, नैराश्य, चिंता तिन्ही कमी झाली. तेव्हा न्यू जर्सीतल्या मुलीचा रोजचा दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल कमी लेखू नये. ‘जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का’ एवढ्यावरच तो संपू नये, इतकंच.

उतारवयात नवा जोडीदार शोधण्याला आता निदान शहरांत जाहीर नाव मिळालंय. पुण्यात माधव दामले यांनी २०१२ मध्ये ज्येष्ठांसाठी लिव्ह-इन मंडळ सुरू केलं. विरोध होतो तो बहुतेक मुलांकडून, आणि त्यामागे बहुतेक वेळा घराची वाटणी असते. मृत्युपत्र आधी नीट केलं की बराच विरोध मावळतो, असं या क्षेत्रातली माणसं सांगतात.

एवढं सगळं पाहिल्यावर मला एक काम सगळ्यात निकडीचं वाटतं, आणि ते संघांना, भजनी मंडळांना, गृहनिर्माण सोसायट्यांना उद्यापासून करता येण्यासारखं आहे. जोडीदार गेल्यावर आपल्या समाजात तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं. ही रीत फार शहाणी आहे. पण चौदाव्या दिवसापासून वर्षश्राद्धापर्यंत कुणाचीच नेमणूक नसते, आणि माणूस आत वळतो तो याच महिन्यांत. निधनाची बातमी संघाकडे येते, श्रद्धांजलीचा फलक लागतो, सभा होते. त्याच सभेत दोन सभासदांची नावं ठरवावीत. त्यांनी वर्षभर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, त्या घरी जावं. पहिले काही आठवडे फक्त चहाला. पुढे एखादं काम घेऊन: हिशेबाची वही तपासून द्यायला, सहलीची यादी करायला, शाळेतल्या मुलांना गोष्टी सांगायला. बायको गेलेल्या पुरुषाकडे आधी जावं, कारण तो स्वतःहून बोलावणार नाही.